आटेबंद औषध आणि बिनतारी ट्रॅक्टर

४ एप्रिल १९६५, रविवार. शहादा.
आज ट्रॅक्टर एकशे दहा फूट चालला. एकशे अकराव्या फुटाला पुढचं डावं चाक त्याच्या मनानं वेगळीकडे गेलं. ट्रॅक्टर दोन वीत लांब. आत लिंबाएवढं डिझेल इंजिन, मुंबईच्या मेहुण्यानं पाठवलेलं. बाकी सगळं माझं डोकं. हातातल्या पेटीचं बटण दाबलं की तारेशिवाय वळतो. रेडिओच्या लहरींवर! खानदेशात असा दुसरा असेल तर दाखवा.

मगनदादा, माझा थोरला भाऊ, ब्राह्मणपुरीहून आला होता. त्यानं चाक उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, नट नही रे, तुन्हं डोकंज ढिलं शे. मग मुदत दिली. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, माझ्या रेडिओच्या दुकानाचं काही नाव झालं तर ठीक. नाहीतर फळ्या लावायच्या, गावी यायचं आणि केळीला पाणी द्यायचं. मी म्हटलं, मंजूर. २५ तारखेला शेतकी प्रदर्शन आहे. अख्खा तालुका बघेल.

संकल्प : १) रोज पहाटे पाचला उठणे. २) एकही नट सुटू न देणे.

५ एप्रिल.
साडेआठला उठलो. दुसरा संकल्प जास्त महत्त्वाचा आहे.

जिनिंग प्रेसमधला नथ्थू फिटर येऊन गेला. त्याचं म्हणणं, इंजिन हादरतं म्हणून नट सुटतात, खाली स्प्रिंग वॉशर घाल. नथ्थू चौथी पास. मी मॅट्रिकला दोनदा बसलेला माणूस. विषय तिथंच संपला.

७ एप्रिल.
नटांना बाभळीचा डिंक लावला.

८ एप्रिल.
मुंग्या.

१० एप्रिल, शनिवार.
मेहुण्याचं पार्सल! बोटीवरच्या कुठल्या फिटरकडून मिळालेली इवलीशी बाटली. अमेरिकन माल. आट्यांवर दोन थेंब टाकले की नट जन्मात सुटत नाही म्हणे. मी नाव ठेवलं आटेबंद. सोबतच्या कागदावर इंग्रजीत लिहिलंय की हे औषध हवा नसतानाच घट्ट होतं. सौ.ला भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, चैत्रात हवा नसते का कधी, दिवसभर फुफाटा सुटलेला असतो. बरोबर आहे तिचं. पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही.

११ एप्रिल.
खिडक्या बंद. दारं बंद. फटीत पोती कोंबली. हवेचं नाव नाही. सगळे नट काढून बशीत मांडले, प्रत्येकावर दोन थेंब टाकले आणि बघत बसलो. दोन तासांनी सौ. घामानं निथळत म्हणाली, मन्हा जीव कासावीस हुई ऱ्हायना, दार उघडा ना. विज्ञानासाठी एवढं सहन होत नाही लोकांना.

मध्ये बाटली कलंडली. थोडं औषध इंजिनाच्या तेल सोडायच्या स्क्रूवर सांडलं. फडक्यानं पुसून टाकलं. ट्रॅक्टर बंद करायचा तर हाच स्क्रू फिरवावा लागतो.

१२ एप्रिल.
बशीतलं औषध जसंच्या तसं ओलं. हवा नव्हती, मी स्वतः साक्षीदार आहे.

नथ्थू हसला. म्हणे, हवा म्हंजे वारा नही, भाऊ. नट आवळी टाक, मंग आत हवा कोठे ऱ्हास? आता हा मला इंग्रजी शिकवणार! अमेरिकेनं आपल्याला फसवलं, एवढंच खरं. बाटली उकिरड्यावर भिरकावली. नट घासलेटानं धुऊन काढले. स्वदेशीशिवाय पर्याय नाही.

१५ एप्रिल. धडगाव.
लाकडं वाहणाऱ्या ट्रकमधून घाट चढून आलो. दोनदा ओकलो, पण ड्रायव्हर वाईट होता. इथं विळे बनवणाऱ्या वीरसिंगकडच्या विळ्याचं पातं मुठीत लाखेनं बसवलेलं असतं. दोन्ही हातांनी ओढलं, हललं नाही. हेच ते! जे अमेरिकेला जमलं नाही ते सातपुड्याच्या झाडावर लागतं.

वीरसिंगनं लाख दिली. मग विळा निखाऱ्याजवळ धरून दाखवला. पातं आपसूक निघालं. तापली की सोडते, असं त्यानं दोनदा सांगितलं. मी म्हटलं, बाबा रे, मला काही विळा भाजायचा नाही.

१८ एप्रिल, रविवार.
सगळ्या नटांवर लाख ओतली. कंजूसपणा केला नाही. तासभर ओढून पाहिलं, सौ.नंही पाहिलं. जाम! तिला म्हटलं, आता बोल. ती म्हणाली, घरात हाई वास कसाना शे. लाखेचाच, दुसरा कसला?

तेल सोडायचा स्क्रूही आपोआप घट्ट बसलाय. पकडीनंसुद्धा हलत नाही. तोही शहाणा झाला. इंजिन सुरू करून पाहिलं तर एका पट्टीत चाललं, मग उगाच का हात लावा? बंद कसं करणार, असं सौ.नं विचारलं. तेल संपलं की होतंच की बंद. टाकी लहान आहे.

२३ एप्रिल.
चाचणी घेतली नाही. चाचणी ज्यांना शंका असते ते घेतात. बीडीओ साहेबांना निमंत्रण दिलं. दादाला निरोप धाडला, पुढच्या रांगेत बस. दुकानाच्या पाटीला नवा रंग दिला.

२५ एप्रिल, रविवार. दुपारी चार.
घरी आलोय. जे झालं ते क्रमानं लिहितो, म्हणजे कुणाची चूक ते कळेल.

शाळेचं पटांगण, कडक ऊन. टाकी काठोकाठ भरली, कारण तीन फेऱ्या ठरवल्या होत्या. पहिली फेरी फर्स्ट क्लास. डावीकडे म्हटलं डावीकडे, उजवीकडे म्हटलं उजवीकडे. टाळ्या! बीडीओ साहेब उभे राहिले. दादासुद्धा हसला, मी पाहिलं. त्या दोन मिनिटांसाठी मी परत सगळं करीन.

दुसऱ्या फेरीत इंजिन तापलं आणि लाखेचा वास आला. मग एकेक नट टपटप पडायला लागला. मागचं एक चाक सुटलं. पुढचा वळायचा दांडा निखळला. मी बटण दाबतोय, दाबतोय, आणि ट्रॅक्टर तीन चाकांवर फरफटत सरळ निघालाय. समोर प्रदर्शनातला कापसाचा ढीग, पुरुषभर उंच. इंजिन लालबुंद. नथ्थू ओरडला, बंद कर! कसा करणार? सगळे नट सुटले आणि जो फिरायला हवा होता तो एकच स्क्रू मेला तरी फिरेना.

दादा धावला. ढिगापासून वीतभर अंतरावर त्यानं इंजिनाच्या हवा ओढायच्या तोंडावर उजवा पंजा दाबून धरला. श्वास कोंडून ते बंद पडलं. त्याचा हात इंजिनापासून सोडवावा लागला.

ऊन जास्त होतं. प्रदर्शन डिसेंबरात ठेवायला हवं, असं मी बीडीओ साहेबांना लेखी कळवणार आहे.

२७ एप्रिल.
लेखी कळवलं नाही.

नथ्थू मोडकं इंजिन न्याहाळत होता. तेलाचा तो स्क्रू तापवून काढताना मोडला, पण आटे काही सुटले नाहीत. नथ्थू काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

४ मे, मंगळवार. आखाजी. ब्राह्मणपुरी.
मुदत संपली. वाटेत भाषण तयार केलं होतं : एक अपघात म्हणजे पराभव नव्हे, वर्षभराची सवलत हवी, वगैरे. दादानं बोलूच दिलं नाही. म्हणाला, दुकान ऱ्हाऊ दे. टाळ्या मीबी वाजाड्यात. केळीनं मी देखी लिसू. म्हणजे केळीचं तोच बघणार.

जिंकलो! हे लिहायला हवं, कारण खरंच जिंकलो.

मग जेवायला बसलो. दादाचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. वहिनी त्याला पुरणपोळी मोडून देत होती आणि तो डाव्या हातानं खात होता. डॉक्टर म्हणतात, दोन बोटं पुन्हा मिटायची नाहीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नऊ दिवसांत विचारलं नव्हतं.

६ मे, गुरुवार. ब्राह्मणपुरी.
काल दुकानाला फळ्या लावल्या. आज पहाटे पाचला उठून केळीला पाणी दिलं. दादा बांधावर येऊन बसला आणि मी येण्याचं कारण विचारलं, कसाले उना? मी सांगितलं, मला रेडिओचा कंटाळाच आला होता. दादानं मान डोलावली.

कंटाळा आला नव्हता.