सगुणाबाईची तारांकित शेळी

वाडी, कासुर्डीजवळ
१८ ऑगस्ट १९७९, शनिवार

तीर्थरूप चांगदेवमामा यांच्या सेवेशी, भाचा ज्ञानदेव याचा सविनय जयभीम.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणाल तर आठ दिवस घास घशाखाली उतरत नाही. मामींचा गुडघा कसा आहे? शिरूरच्या त्या मालिशवाल्याचा काही गुण आला का? तुमची तब्येत ठणठणीत असणार असं धरून चालतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ते ठणठणीत माणसालाच सोसेल.

मामा, आमच्या वाडीचा प्रश्न लोकसभेत गेला आहे. (आनंद मानू नका, पुढं वाचा.) लिंबाला टांगलेली पोस्टाची पेटी तुम्ही पाहिलेली आहे. तिचं बूड गंजून गळून पडलं. वरून टाकलेलं पत्र खालून बाहेर येतं आणि खाली सगुणाबाईची शेळी उभीच असते. (मी एकदा खालून पत्रा ठोकला होता, तर सरकारी मालाला हात लावला म्हणून मेमो आला.) अंतर्देशीय ती आवडीनं खाते, पोस्टकार्डाला तोंड लावत नाही. ही हकिगत कुणा ‘त्रस्त नागरिका’नं खासदारांना लिहून कळवली आणि खासदारांनी खेड्यापाड्यांतल्या पेट्यांची दशा म्हणून ती थेट दिल्लीत विचारली.

मला कळलं ते हिंदीतल्या सरकारी कागदावरून. ‘तारांकित प्रश्न’, असं वर लिहिलेलं, आणि खाली माहिती तातडीनं पाठवा म्हणून हुकूम. आता मी पडलो ब्रँच पोस्टमास्तर. तार म्हटली की मला एकच तार ठाऊक. मी इमानेइतबारे लिहून कळवलं की या शाखेत तारेची सोय नाही, सबब सदर प्रश्न तारेनं आलेला नाही व उत्तरही तारेनं देता येणार नाही. हे पुण्यापर्यंत पोचलं. तिसऱ्या दिवशी आमचे इन्स्पेक्टर सोपानराव एसटीतून उतरले ते लालबुंद होऊनच. “अवो मास्तर, तार न्हाई, तारा! चांदणी वो, आभाळातली!” असं म्हणत त्यांनी माझ्याच टाकानं कागदावर चांदणी काढून दाखवली.

मग चहा घेऊन शांत झाल्यावर त्यांनी मला लोकसभा समजावली. (तुम्ही बहात्तर साली गॅलरीत बसून आलात, पण आम्हाला सांगितलंत ते फक्त पंखे किती होते ते.) प्रश्नाला चांदणी असली की मंत्र्यानं उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं, नसली की लेखी दिलं तरी भागतं. प्रश्न येतात ढिगानं, म्हणून चिठ्ठ्या काढून दिवसाला चांदणीचे वीसच घेतात, आणि अकरा ते बाराच्या तासात त्यातले पाच-सहाच होतात, बाकीच्यांना लेखी उत्तर. आमचा नंबर दुसरा. (पंधरावा असता तर हे पत्रच लिहिलं नसतं.) खरी मेख तर पुढंच आहे. मंत्र्यानं उत्तर दिलं की कुणीही सभासद उठून पूरक प्रश्न विचारू शकतो, आणि तो काय विचारील ते आधी कुणालाच माहीत नसतं. म्हणून दिल्ली मुंबईला विचारते, मुंबई पुण्याला, पुणं सोपानरावांना आणि सोपानराव मला. माझ्या खाली विचारायला फक्त शेळी उरते. तिचा रंग, वय, पेटीची जमिनीपासून उंची, आजवर खाल्लेली पत्रं (अंदाजे), असे सत्तावीस रकाने मी भरून दिले. मी म्हटलं, गेल्या महिन्यात सरकार पडलं, मंत्री बदलले, मग हा जुना प्रश्न कुणाच्या गळ्यात? तर म्हणाले, “मंत्री बदलू द्या की. जो खुर्चीत आसंल त्यानं सभागृहाला उत्तर द्यायचंच.”

उत्तर २९ तारखेला आहे. तोवर घरातही लोकसभाच चालू आहे. परवा तुमची भाचेसून म्हणाली, (अ) जेवणार आहात काय, (आ) असल्यास कधी, (इ) नसल्यास त्याची कारणे काय.

मंत्री तिकडं अडखळले की राग पायरी पायरीनं खाली येणार आणि शेवटच्या पायरीवर मी उभा. मामा, मला भीती पगाराची नाही. (पगार तो केवढा!) आपल्या वस्तीतला पहिला पोस्टमास्तर मी. आमच्या आबांना ज्यांच्या ओट्यावर पाय ठेवता आला नाही, ती माणसं आज माझ्या दारात येऊन “मास्तर, आमचं काय आलंय का?” म्हणून विचारतात. हे विचारणं बंद झालं तर मला फार लागेल.

मामींना जयभीम, पोरांना आशीर्वाद.

आपला,
ज्ञानदेव

ता. क. तो त्रस्त नागरिक मीच. नव्या पेटीसाठी अकरा अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही, म्हणून ओळख पटू नये अशा बेतानं डाव्या हातानं खासदारांना लिहिलं. वाटलं, एखादी पेटी मिळेल. चांदणी मिळेल असं वाटलं नव्हतं. आता सोपानरावांना त्या नागरिकाचा जबाब हवा आहे. तेवढे नागरिक तुम्ही व्हा.

ता. क. २. खरं म्हणजे तुमचं नाव मी देऊन बसलो आहे. येत्या शुक्रवारी ते शिरूरला तुमच्याकडं येतील. शेळी काळी, एक शिंग मोडकं. आणि जबाब डाव्या हातानं लिहा.

ता. क. ३. (गुरुवार.) हे पत्र आमच्या पेटीत टाकायचा धीर होईना, म्हणून शिरूरला जाणाऱ्या माणसाची वाट बघत पडून होतं. आज रखमाजी निघालाय. काल रेडिओवर सांगितलं, लोकसभा बरखास्त झाली. सोपानरावांचा निरोप आला की सभागृह गेलं म्हणजे त्याच्यापुढचे प्रश्नही गेले, चांदणीचे आणि बिनचांदणीचे. उद्या कुणी येणार नाही. सुटलो, मामा! बारा-तेरा दिवसांनी पोटभर जेवलो आणि पेटी उघडायला गेलो, तर लिंबाखाली शेळी आणि तिच्या तोंडात अर्धं अंतर्देशीय. अक्षर माझंच होतं. सकाळी सगुणाबाईनं माझ्याकडून लेकीला लिहून घेतलेलं पत्र ते. ती बिचारी आता उत्तराची वाट बघत बसेल आणि रोज मलाच विचारील.

नवी लोकसभा बसली की पुन्हा लिहावं लागणार. माझं डावं अक्षर आता वरपर्यंत माहीत झालंय. या वेळी तुमचं लागेल, सराव आजपासूनच धरा.