अर्ध्यावर थांबणारा खांदा

३ ऑक्टोबर, मंगळवार

गोल्फचे चाळीस चेंडू मारले. धड लागले सहा! बाकी अर्ध्यांच्या आधी मातीच उखडली, अर्धे नुसते टाळक्याला लागून जमिनीलगत सरपटत गेले. ही असती तर हसली असती — "आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून!" तेरा वर्षं मी मागच्या बाकावर बसून तिच्या चुका काढल्या, क्लबची काठी स्वतः फारशी हातात घेतली नाही.

तिला जाऊन चार महिने झाले. घरात बसवत नाही, म्हणून रेंजवर, सरावाच्या मैदानावर जातो. तिचाच सात नंबरचा क्लब. मला आखूड पडतो. पडू दे.

५ ऑक्टोबर, गुरुवार

रेंजवर नव्या मास्तरीणबाई आल्यात. लेकीच्या वयाच्या. माझे चार फटके पाहिले आणि म्हणाल्या, "काका, क्लब मागे नेताना तुमचा खांदा अर्ध्यावरच थांबतो. उरलेलं काम हात ओढूनताणून करतात. म्हणून एक चेंडू असा, तर एक तसा." मग विचारलं — "खांदा दुखतो का?"

नाही म्हणालो. घरी आलो. जेवण गेलं नाही.

हिचाही खांदा तिथंच थांबायचा. गेल्या ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत. जोडीच्या स्पर्धेत आम्हाला उतरायचं होतं, आणि मी हात धुऊन तिच्या मागे लागलो होतो. आळस करू नकोस! पाठ पूर्ण वळव! ती म्हणायची, "वळतंय तेवढं वळतंय हो." मला तो हट्ट वाटायचा.

दुखतं का — एवढे दोन शब्द. परक्या पोरीनं दहा मिनिटांत विचारले. मी त्या चार महिन्यांत नाही.

६ ऑक्टोबर

गेलो नाही. पडून होतो.

८ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा फोन. तिला सगळं सांगितलं. "बाबा, स्वतःला खात बसू नका. फेब्रुवारीपर्यंत आई कुणालाच काही बोलली नव्हती. दुखत असतं तर गप्प बसली असती का ती?"

हेही खरंच. भाजी चिरताना बोटाला जरा कापलं तरी घर डोक्यावर घ्यायची ही!

पण डॉक्टरांचं फेब्रुवारीतलं ते बोलणं डोक्यातून जात नाही. खांद्याच्या हाडात गाठ. "तीन-चार महिने आधी आला असतात तर..." पुढचं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. सगळं येऊन तिथंच अडतं. त्या महिन्यांत तिला दुखत होतं का? नसेल, तर मी सुटलो. लेकीचं म्हणणं धरून चालायचं ठरवलंय.

१० ऑक्टोबर, मंगळवार

मास्तरीणबाईंनी क्लब आडवा छातीशी धरायला लावला आणि नुसतं वळायला सांगितलं. चेंडू नाही, काही नाही. "घाई नको काका. पाठ झेंड्याकडे झाली की मगच खाली यायचं." वीस वेळा वळलो. मग चेंडू ठेवला. टक्! हाताला काही जाणवलंच नाही, चेंडू सरळ झेंड्याकडे. मग आणखी एक. लागोपाठ अकरा!

"बघितलंस?" म्हणून मागे वळलो. बाक रिकामा.

रडलो. तिथंच, सगळ्यांसमोर. मास्तरीणबाईंनी पाण्याची बाटली पुढं केली आणि पलीकडं जाऊन चेंडू गोळा करत बसल्या. शहाणी पोर आहे.

१४ ऑक्टोबर, शनिवार

हिचे व्हिडिओ त्यांना दाखवले. गेल्या ऑक्टोबर ते जानेवारीतले, अडतीस आहेत. फोन तिवईवर, तिच्या अगदी जवळ ठेवायचो, आणि मी दहा पावलं मागे, बाकावर. घरी आलो की संथ करून बघायचो. संथ केलं की आवाज घरघरतो, म्हणून तो बंदच. खांदा कुठं थांबतो तेवढं बघायचं, वहीत टिपायचं, दुसऱ्या दिवशी तिला ऐकवायचं.

त्या म्हणाल्या, "काका, संथ केल्यावर लय कळत नाही. नेहमीच्या वेगानं बघा, आवाज लावून. फटका कानालाही कळतो."

तसं मी एकदाही पाहिलं नव्हतं. उद्या बघतो. तिचा आवाज तरी ऐकू येईल.

१५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी स्वयंपाकघरात बसून आवाज लावला. क्लब मागे जातो, खांदा थांबतो, आणि अगदी हळू, मला ऐकू जाऊ नये असं — "आई गं."

अडतीसही व्हिडिओंत. आणि प्रत्येकाच्या शेवटी, लांबून, माझा आवाज — "पुन्हा!"