मागे अजून जागा आहे

३ फेब्रुवारी

आले एकदाची. दोन पिशव्या, एक शिवणयंत्र आणि मी. यंत्र उतरवताना बसच्या वाहकाने विचारलं, बाई, यात दगड भरलेत की काय? म्हटलं, माझा सगळा संसार आहे हो, जरा जपून. बिचाऱ्याने मग ते तान्ह्या बाळासारखं अलगद खाली ठेवलं.

खोली गॅरेजच्या वरच आहे. लोखंडी जिना, एक खिडकी, खाली सगळं आवार. इथे जुन्या फोर बाय फोर गाड्या येतात. त्या सोलून नुसता सांगाडा करायचा आणि मग घरासारख्या पुन्हा उभ्या करायच्या. टपावर तंबू, मागे झोपायला ओटा, ओट्याखालच्या खणात शेगडी, बाजूला पाण्याची टाकी. लोक बायकामुलांना घेऊन रस्ता संपतो त्याच्याही पुढे जातात म्हणे, आणि आठवडा आठवडा तिथेच राहतात. सीटा, गाद्या, पडदे, कॅनव्हास हे माझं खातं.

मालक बोलके आहेत, सुरू झाले की पान्हाही हातातच राहतो. मालकीणबाईंनी चहा दिला आणि काही न विचारता बाळ माझ्या मांडीवर टाकून भाजी निवडायला बसल्या. वेल्डरभाऊ दिवसाला चार शब्द बोलतात, त्यातले दोन ‘हं’ असतात.

आई गेल्यापासून आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

९ फेब्रुवारी

पहिलं मोठं काम आलं. उंच, हिरवी, चौकोनी गाडी. कुणाच्या तरी शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी होती, पण आत धुळीचा कण नाही. मालक म्हणाले, नशीब लागतं अशी गाडी मिळायला.

घेणारे गृहस्थ चष्मेवाले, हसरे. सोबत त्यांची बायको, आई आणि एक मुलगी. मुलगी एका जागी ठरत नाही, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. तिने मला शिलाईमावशी करून टाकलं. चौघांना मी एकेक करून बसवून मापं घेतली. आजींचे गुडघे गेलेले, गाडीत चढताना कण्हत होत्या. म्हणाल्या, अगं, या वयात मला कशाला डोंगरदऱ्या? मुलगा म्हणाला, तुझ्याशिवाय नाही जायचं. आजी वरवर कुरकुरल्या, पण चेहरा उजळला होता. त्यांच्यासाठी वेल्डरभाऊंकडून एक बुटकी पायरी करून घेतली, वर मऊ रेक्झिन चढवलं. सीटला पाठीशी उशी दिली.

काम करताना गाणं गुणगुणत होते, असं भिंगरीने सांगितलं. मला पत्ताच नव्हता.

२२ फेब्रुवारी

गाडी उंच झाली, नवे शॉकॲब्सॉर्बर बसले, पुढे ओढायची विंच आली. आज चौघं पहिल्या चाचणीला निघाले, दोन-तीन दिवसांसाठी. आजी माझ्या पायरीवरून चढल्या आणि म्हणाल्या, तुझा हात सोन्याचा आहे हो. मी फाटकापर्यंत हात हलवत गेले, जणू माझीच माणसं.

आवार नंतर फार रिकामं वाटलं.

२५ फेब्रुवारी

आले. गाडी चालली उत्तम. दुरुस्ती एकच, मागची उशीची सीट काढून टाका, उगाच जागा अडते.

मी विचारलं, आणि आजी कुठे बसतील?

तिघंच उतरले होते. कोण आजी? चष्मेवाले म्हणाले, त्यांची आई ते शाळेत असतानाच गेली. बायको म्हणाली, सासू मी पाहिलीच नाही हो, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. भिंगरी खाली मान घालून चप्पल घासत उभी होती.

संध्याकाळी वेल्डरभाऊंना ती बुटकी पायरी दाखवली. उलटीपालटी करून बघितली. हं, जोड माझाच आहे, म्हणाले, पण कशाला केली असेल?

आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी नावं, मग माणसं. शेवटी मलाच विचारायची, बाई, तुम्ही कुणाकडच्या? मला वाटायचं, हे घराण्यात असणार. तर मग आली माझी पाळी.

२ मार्च

आज रविवार, ताईचा फोन. तिला काही सांगितलं नाही. ती म्हणाली, एकटी राहतेस, डोक्याला काम दे. काम आहेच. ती सीट काढून तिथे कपड्यांचा खण बसवला. सीटच्या रेक्झिनवर बसल्याचा खळगा पडला होता आणि पाठीच्या उशीला तेलाचा वास होता, म्हाताऱ्या केसांना येतो तो.

तिघं पुन्हा गेले. बायको मागे लेकीजवळ बसली.

५ मार्च

दोघं आले. बाप आणि लेक.

मी विचारणार नव्हते. जीभ चावून धरली होती. चष्मेवाले म्हणाले, ओटा फार रुंद झालाय, आम्ही बापलेक दोघंच, अर्धा केला तरी चालेल. बोलताना त्यांचा अंगठा बोटातल्या अंगठीशी चाळा करत होता. मधेच थांबून अंगठीकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्या कुणाची आहे.

ते मालकांशी बोलायला गेले तेव्हा भिंगरी माझ्या यंत्राच्या टेबलाखाली येऊन बसली. आता ती अजिबात भिरभिरत नाही. मी हळूच विचारलं, आई कुठे गं?

म्हणाली, मागे. आजीपण मागेच आहे. त्या उतरतच नाहीत. बाबांना सांगितलं की ते म्हणतात, आई नसलेल्या मुलांना असं वाटतं.

म्हणजे मी वेडी नाही. याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली.

८ मार्च

चष्मेवाल्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. आईचं, बायकोचं, पायरीचं. ते चिडतील असं वाटलं होतं, पण चिडले नाहीत. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. म्हणाले, बाई, घरात चार ताटं का आहेत तेवढं मला कळत नाही. मग उठले आणि तुटक बोलले, की पोरीसमोर पुन्हा असलं काही बोलायचं नाही.

मी हात जोडले, निदान भिंगरीला नेऊ नका. माझ्याकडे ठेवा. त्यांनी मालकांकडे तक्रार केली. मालक मला म्हणाले, ताई, तुम्ही दोन दिवस आराम करा.

गाडी निघाली तेव्हा खिडकीतून पाहिलं. मागच्या काचेतून भिंगरी हात हलवत होती. तिच्या शेजारी

पडदे मीच शिवलेत. नीट दिसलं नाही.

११ मार्च

एकटेच आले.

भिंगरीच्या मापाच्या छोट्या सीटपाशी उभे राहिले आणि मला म्हणाले, मी एकटा जीव, एवढी गाडी कुणासाठी बांधून घेतली हो? मला उत्तर येत होतं. मी पडदे नीट करत राहिले.

गाडी मालकांना विकून बसने गेले. बसच्या पायरीवर चढताना मागे वळून हात पुढे केला, आधाराला देतात तसा. तिथे कुणी नव्हतं. हात तसाच राहिला. मग ते रडायला लागले आणि वाहकाला सांगत होते, डोळ्यांत काहीतरी गेलंय.

१३ मार्च

मालकांनी गाडी स्वतःलाच ठेवली. आयती तयार आहे, म्हणतात, रविवारी आम्ही तिघं जाऊ, बाळाची पहिली सहल. मालकीणबाईंनी मला बाळाच्या मापाची गादी शिवायला सांगितली.

नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. काय सांगू? वेल्डरभाऊंना सांगितलं. हं, म्हणाले.

मी गादी कापलीच नाही. त्या स्वतः कापायला बसल्या.

१५ मार्च, शनिवार

गाडी घेऊन निघाले. किल्ली खुंटीवरच होती. गाडी मला येते, आईला दवाखान्यात नेता नेता शिकले. डोंगरामागे जुनी दगडाची खाण आहे, पाणी साचलेली, खोल. तिथे ढकलून द्यायची. मग मालक पोलिसात देवोत नाहीतर काहीही करोत.

पुढे बसलेल्याला काही होत नाही. मागे बसलेलेच जातात. मी पुढे आहे.

दुपार

खाणीच्या काठावर. गिअर काढला, फक्त हँडब्रेक सोडायचाय.

मागे कुणीतरी खोकलं. म्हातारं माणूस खोकतं तसं.

नाही सोडता येत. त्या आत आहेत. मी गाडी बुडवली तर त्या

भिंगरी आत आहे.

नंतर

मागचं दार उघडून बघितलं. कुणी नव्हतं. ओट्यावर टेकले, हात फिरवला. गादी गरम होती, नुकतंच कुणी उठावं तशी. किती वेळ बसले कळलं नाही. फार बरं वाटलं, असं कित्येक वर्षांत

उतरले. ताबडतोब उतरले.

नंतर

मालकांना फोन केला, गाडी खाणीवर आहे, बाळाला तिच्यात बसवू नका. कोण बोलतंय, म्हणाले. मी, शिलाईवाली. ते म्हणाले, आमच्याकडे शिलाईला कुणी नाही, माणूस शोधतोच आहोत, तुम्हाला काम येतं का? आणि कोणती गाडी?

त्यांच्या मागे बाळ रडत होतं. बरं. ते तिथे आहे. ते घरी आहे.

ताईला लावला. ताई, मी गं. तिचा आवाज किती गोड, परक्याशी बोलताना असतो तसा. म्हणाली, चुकीचा नंबर लागलाय बाई, मला बहीण नाही.

आईची मी धाकटी, हे सांगायला गेले तर ती म्हणाली, आईला मी एकटीच. ठेवला.

संध्याकाळ

गाडीपासून लांब दगडावर बसले आहे. थंडी वाजते. चालत परत जाता येईल. पण कुणाकडे जाऊ?

आत दिवा लागलाय. मी लावला नाही. पडद्यावर सावल्या, ताटं मांडतायत. आजी काहीतरी बोलल्या आणि कुणीतरी हसलं.

जाणार नाही.

दार उघडलं. भिंगरी. शिलाईमावशी, म्हणाली. एवढ्या मोठ्या जगात तिला एकटीलाच माझं

फक्त दारापर्यंत. पाऊल आत नाही ठेवणार. फक्त ऊब

आजी सरकतायत. म्हणतायत, ये, मागे अजून जा