रोलर थांबला तर

३ तारीख, सोमवार. दुपारची सुट्टी

आजपासून रोजनिशी. रोज एकच ओळ लिहायची. मोठी माणसं कमी बोलतात.

झालं असं. मॅनेजरसाहेबांकडे रजा मागायला गेलो. धाकट्या बहिणीचं लग्न ३० तारखेला, रविवारी. घर इथून दोन दिवसांवर, म्हणजे २७ ला संध्याकाळची गाडी पकडलीच पाहिजे. साहेब म्हणाले, जा की, पण रोलर कोण चालवणार? मी छाती काढून म्हणालो, साहेब, रोलर माझ्याशिवाय कुणाच्या बापाला येत नाही. हे बोलायला नको होतं. साहेब म्हणाले, तेच तर. मग लिहून दे. एक पान. ते वाचून दुसऱ्याने रोलर चालवून दाखवला की त्याच मिनिटाला सही.

म्हणजे आजपासून मी लेखक.

एक ओळीचं उद्यापासून बघू.

४ तारीख, मंगळवार

ही वही कुणासाठी नाही. तरी सापडलीच कुणाला तर माहिती असावी: आमची लॉन्ड्री हॉटेलांच्या चादरी धुते. ओली चादर रोलरच्या एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने कोरडी, इस्त्री होऊन बाहेर. रोलर म्हणजे वाफेवर तापणारं खोलीएवढं धूड. मी त्याला आत्याबाई म्हणतो. लवकर तापते, फुसफुसते, आणि मधेच रुसून बसते.

पान आज रात्रीपर्यंत संपवणार. एका पानाला असा कितीसा वेळ लागतो?

६ तारीख, गुरुवार

पेन चांगलं नव्हतं. नवीन आणलं.

८ तारीख, शनिवार

मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला. चष्मेवाले गृहस्थ, मागे पुस्तकंच पुस्तकं. म्हणाले, माहितीचं लिखाण करताना तीन गोष्टी: थोडक्यात लिहा, स्पष्ट लिहा, वाचकाला शेवटपर्यंत धरून ठेवा. पहिल्या दोन मला जन्मतः येतात. म्हणून तिसरीवर सगळा जोर लावायचं ठरवलं.

धरून ठेवायचं तर महत्त्वाची गोष्ट आधी सांगून टाकायची नाही. ही माझी स्वतःची भर.

१० तारीख, सोमवार

पान पहिलं झालं! सुरुवात दणक्यात: "वाचका, तू कधी वाफेशी बोलला आहेस का?" 

घडीवाल्या मावशींना वाचून दाखवलं. मावशी चादरींच्या घड्या घालतात आणि तोंडाने माणसांच्या. म्हणाल्या, मी बोलले नाही बाबा वाफेशी, पण तू बराच बोललेला दिसतोस, डोक्यात गेलीये ती.

अडाणी वाचक. दुर्लक्ष.

१३ तारीख, गुरुवार

चार पानं. साहेबांनी एक सांगितलं होतं, पण मजकुराची स्वतःची काही मागणी असते. शिवाय वाक्यं छोटी ठेवलीत. छोट्या वाक्यांची चार पानं म्हणजे मोठ्या वाक्यांचं एकच.

धाकटीला फोटो काढून पाठवले. ती तिथे शाळेच्या ऑफिसात कामाला आहे, पत्रं-बित्रं तीच लिहिते. वाटलं, रडेल. रात्री फोन केला तर म्हणाली, दादा, दुसऱ्या पानापर्यंत गेले. तू अजून गाडीतच बसला आहेस, लॉन्ड्रीत कधी पोचणार? मी म्हणालो, ती वातावरणनिर्मिती आहे. म्हणाली, बरं. मग तू लग्नाला पोचणार का तेवढं एका ओळीत सांग. मी म्हणालो, हा काय प्रश्न झाला? म्हणाली, दादा, पहिल्या रांगेतली खुर्ची तुझी. सांगून ठेवलंय, त्यावर कुणी बूड टेकवलं तर मी स्टेजवरून ओरडेन.

पोर लहानपणापासून आगाऊ आहे.

१७ तारीख, सोमवार

सात पानं. पाचव्यात माझी शाळा येते. आठवीत मी शाळा सोडली की शाळेने मला, हा प्रश्न वाचकावर सोपवला आहे.

खरं रहस्य शेवटच्या पानासाठी राखून ठेवलंय. आत्याबाई मधेच किर्र करून थांबते. तेव्हा काय करायचं, हे या इमारतीत फक्त मला माहीत आहे. ते असं पहिल्याच ओळीत सांगून टाकायला मी वेडा आहे का? मग पुढचं कोण वाचणार?

२० तारीख, गुरुवार

नऊ पानं. संपलं. शेवट वाचून माझ्याच अंगावर काटा आला.

साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी नऊ पानं बोटांनी मोजली, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, शनिवारी टेस्ट. ड्रायव्हरकाका चालवतील, तू काचेबाहेर. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कागदाने काम केलं पाहिजे.

काका पूर्वी बस चालवायचे, आता आमची गाडी. सरळ माणूस. लिहिलेलं सगळं ओळीने पाळतात, बोट ठेवून.

गाडीचं तिकीट काढलं. २७, संध्याकाळची. खिडकी.

२२ तारीख, शनिवार. सकाळी ११

हे काचेबाहेर उभं राहूनच लिहितोय. इतिहास घडतोय.

काकांनी हिरवं बटण दाबलं. बरोबर. वाफेची चावी उघडली. बरोबर. चादर आत. वा! मावशी पलीकडे घड्यांना बसल्यात.

११.२०

काका पान पाचवर. बोट हळूहळू चाललंय, ओठ हलतायत. रोलर थांबलाय, पण काकांची नजर कागदावरून वर येत नाही. वाचकाला बांधून ठेवणं म्हणजे हे! चष्मेवाल्या गृहस्थांनी बघायला हवं होतं.

११.२५

पान सहा. वाफ जरा जास्त दिसतेय.

११.२६

वाफ काळी कशी?

संध्याकाळी

दोन चादरी जळल्या. त्याचं काही नाही. रोलरला गुंडाळलेलं जाड कापड जळलं, ते दुसरीकडून मागवावं लागतं. आत्याबाई बुधवारपर्यंत बंद.

काका बिचारे शपथेवर सांगत होते, साहेब, मी शोधत होतो ना, थांबला तर काय करायचं. वाटलं, पुढे असेल. पुढे गेलो तर याची शाळा लागली. मावशी म्हणाल्या, शाळा बिचारी आधीच याला सोडून सुटली, आपण अडकलो.

साहेबांनी स्वतः नववं पान काढलं आणि सगळ्यांसमोर वाचलं: "आणि आता, वाचका, ऐक ते रहस्य! रोलर थांबताच आधी वाफ बंद!" कागद खाली ठेवून म्हणाले, हे नवव्या पानावर? मी म्हणालो, साहेब, उत्कंठा. साहेबांनी मला बाहेर जायला सांगितलं.

माझं मत: लेखन चांगलं आहे, वाचक हळू आहे.

२३ तारीख, रविवार

साहेबांनी शेवटची संधी दिली. दुसरा कागद गुरुवारी सकाळपर्यंत. चालला तर त्याच संध्याकाळी सोडतो, नाहीतर रजा विसर.

झोपलो दिवसभर. लेखकाला विश्रांती लागते.

२५ तारीख, मंगळवार

धाकटीचा फोन. हो नाही करता करता जळलेलं सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. म्हणाली, दादा, समज मी तिथे एकटी आहे. रोलर थांबला. धूर येतोय. मला काय सांगशील? मी इतक्या जोरात ओरडलो की लॉन्ड्रीमागच्या आमच्या खोलीत शेजारच्या खाटेवरचा उठून बसला: आधी वाफ बंद कर! म्हणाली, हे पहिल्या ओळीत. मग म्हणाली, आता चालू कसा करू? मी सांगत गेलो, ती म्हणेल ते लिहीत गेलो. कागद संपले होते म्हणून साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर.

१. रोलर थांबला तर आधी वाफ बंद. मग लाल बटण.
२. चालू करताना आधी हिरवं बटण, मग वाफ.
३. काटा हिरव्यावर आला की चादर घाला.
४. चादर दोन्ही कोपऱ्यांना धरून घाला. हात आत नाही.
५. किर्र आवाज आला की पहिली ओळ.

म्हणाली, झालं. हेच दे. बाकी एक अक्षर नको. पाया पडते तुझ्या.

२६ तारीख, बुधवार

पुठ्ठा पुन्हा वाचला. बरोबर आहे सगळं. पण मी कुठे आहे त्यात? हे तर कुणीही लिहील. माझ्यासारख्या माणसाने तीन आठवडे खपून पाच ओळी द्यायच्या, तर साहेब म्हणतील, एवढंच येतं का याला?

आठ ते दुपारी चारपर्यंत बसलो. पुठ्ठ्यात जीव ओतला. सहा पानं. तीन पानं कमी केलीत, म्हणजे बघा मी किती शिकतो. वाफेचं या वेळी दुसऱ्याच पानावर घेतलंय.

बॅग भरली. धाकटीसाठी घड्याळ घेतलंय, ते वर ठेवलं.

२७ तारीख, गुरुवार. सकाळी

साहेबांनी सहा पानं हातात घेतली. वाचली नाहीत. तळहातावर ठेवून नुसती वर-खाली केली, भाजी तोलतात तशी. म्हणाले, पुन्हा तेच. मी म्हणालो, साहेब, दुसऱ्या पानावर तरी बघा. ते म्हणाले, माझ्याकडे चार दिवसांच्या ओल्या चादरींचा डोंगर पडलाय, मी पानं उलटत बसू? टेस्ट नाही. रोलरवर तूच उभा राहा.

पुठ्ठा आहे असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण म्हटलं, सहा पानांनंतर पुठ्ठा दाखवायचा, तो कसा दिसतो?

संध्याकाळी

६.४० ची गाडी होती. मी ६.४० ला चादर घालत होतो. दोन्ही कोपरे धरून.

२८ तारीख, शुक्रवार

धाकटीला कळवलं नाही अजून. सविस्तर लिहायला हवं, घाईत नको.

२९ तारीख, शनिवार

दुपारी जेवायला गेलो, परत आलो तर आत्याबाई चालू! ड्रायव्हरकाका चादरी घालतायत. मशीनवर साबणाचा पुठ्ठा चिकटवलेला. मावशींना माझ्या खाटेखाली सापडला म्हणे, झाडताना. माझ्यासमोर किर्र झालं. काकांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, वाफ बंद केली, लाल बटण दाबलं. चादर पांढरीशुभ्र.

साहेब आले. उभ्या उभ्या पाच ओळी वाचल्या. विचारलं, हे कुणाचं? मी म्हणालो, माझंच, मंगळवारचं. साहेबांनी पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, अरे, मग परवा हेच का नाही दिलंस? तिथल्या तिथे सोडलं असतं.

रजा मंजूर झाली आहे. कधीपासून हवी, विचारत होते.

३० तारीख, रविवार

सकाळी धाकटीला पत्र लिहायला बसलो. का येता आलं नाही, गाडी, साहेब, काकांचं वाचन, सगळं क्रमाने. अकरा पानं झाली.

दुपारी तिथून कुणीतरी फोटो पाठवला. पहिली रांग भरलेली. मधे एक खुर्ची रिकामी, त्यावर धाकटीची पर्स.

अकरा पानं फाडली. फोनवर लिहिलं: "चूक माझी आहे. मी यायला हवं होतं."

संध्याकाळी उत्तर आलं.

"दादा, तुझं आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं."