आईच्या आठ चौकटी

४ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईवरच्या चित्रपटाचा स्टोरीबोर्ड सोबत पाठवतो आहे. चित्रांना हसू नकोस. लहानपणी माझ्या गाईला तू कुत्रं म्हणायचीस, ते मी विसरलेलो नाही. आठ चौकटी म्हणजे आठ शॉट. बाण आहे तिकडे कॅमेरा सरकेल. माझा नियम तुला ठाऊकच आहे, जे कागदावर नाही ते मी घेत नाही.

शूटिंग अठ्ठावीसला. तोवर आईचा पलंग खिडकीपाशी हलव, उजेड हवा. दुखण्याची गोळी अर्धीच दे. पूर्ण गोळीने तिचे डोळे जड होतात आणि मला डोळेच हवेत.

लोभ शूटिंग संपेपर्यंत तरी टिकव!

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पलंग हलवला. तिथून दार दिसत नाही, म्हणून आई मान वळवून वळवून दमते. परवा दूधवाल्यालाच तुझ्या नावाने हाक मारली. डॉक्टर म्हणतात, महिना निघणं कठीण.

चौकटी तिने भिंग लावून पाहिल्या. नाक फेंदारलेलं काढलंस म्हणून रुसली. मग विचारलं, यात तू कुठे आहेस. कुठेच नाही म्हटल्यावर म्हणाली, एखाद्या कोपऱ्यात पाठमोरा तरी काढ म्हणावं, कागदावर असला की त्याला यावंच लागेल. अर्धी गोळी मी देणार नव्हते. तिनेच हट्टाने मागून घेतली आणि दिवसभर दात आवळून पडून असते. मला तुझा राग येतो.

कॅमेरा मागाहून येऊ दे, तू आधी ये.

तुझी,
ताई

१४ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नाक सुधारून नवा कागद पाठवला आहे. मला मात्र त्यात घालता येणार नाही. मुलगा दिसला की प्रेक्षक आईला विसरतात.

आधी येऊन भेटलो, तर पाचवी चौकट वाया जाईल. कित्येक वर्षांनी मुलाला पाहिल्यावरचा चेहरा एकदाच मिळतो गं, तो कॅमेऱ्यासमोरच मिळायला हवा. काही कमीजास्त झालं तर तार कर, तसाच धावत येईन. आठव्या चौकटीत रिकामा पलंग आहे, म्हणून चादर बदलू नकोस.

रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझा,
धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

आई अठराला सकाळी गेली. त्याच दिवशी सगळं आटोपलं.

तार करायला मी निघाले होते. चप्पल घातली आणि तिच्या उशाखालून तुझा नवा कागद डोकावताना दिसला. पाचव्या चौकटीत तिने दार काढलं होतं आणि दारात एक माणूस, गोल डोकं, काड्यांचे हातपाय. रेघा वाकड्या होत्या, पण माणूस हसरा होता.

मी खोडरबर घेतला आणि तो माणूस पुसून टाकला. मग चप्पल काढली. जे कागदावर नाही ते तू घेत नाहीस, मग तुला बोलावून तुझा नियम मी कशाला मोडू?

चादर बदललेली नाही. अठ्ठावीसला ये, खिडकीतून उजेड चांगला येतो.

लोभाचं यापुढे लिहू नकोस.

ताई