धक्क्यावरचा राखणदार

८ नोव्हेंबर, शनि.
उद्या साहेब येणार. सहकुटुंब. रिटायर होऊन पाच महिने झाले, पण 'साहेब' म्हटलं की अजून पाठ आपोआप वाकते. कार्यक्रम कागदावर काढला, ऑफिसात काढायचो तसा: वालावलचं लक्ष्मीनारायण, तिथला तलाव, मग आमच्या वाडीतला रवळनाथ, वरचा कातळाचा सडा, जेवण. सौ. ने वाचला. म्हणाली, "सड्यार तुमी शेवटचे कधी गेललात?"
मी कागदाची घडी घातली. सकाळी ओरोसच्या ऑफिसला एसटी, संध्याकाळी परत एसटी. बत्तीस वर्षं गाव खिडकीतून पाहिलाय.

९ नोव्हें., रवि.
काय करून बसलो मी.
वालावल छान झालं, तलावाचे फोटो वगैरे. मग आमचं देऊळ. सखाराम घाडी, आमचे घाडीकाका, नारळ घेऊन उभे होते, मीच बोलावलेलं. देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. त्यांनी सगळ्यांच्या वतीने देवाला सांगायचं, मागे उभ्या असलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. गेल्या वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून जीभ जड. "बा देवा म्हा… म्हा…" इथेच अडले. साहेबांच्या मिसेसनी घड्याळ बघितलं. मुलीला हसू आलं.
आणि मला लाज वाटली. काकांची!
"द्या, मी घालतो," म्हणून नारळ त्यांच्या हातातून घेतला. लहानपणापासून ऐकलेलं, घडाघडा म्हटलं. सुरुवात साहेबांच्या नावाने, हुद्द्यासकट. साहेब म्हणाले, "वा, काय ओघ आहे!" मी खुललो. मागे वळून बघितलं तर काकांचा हात अजून तसाच पुढे. रिकामा.

१० नोव्हें., सोम.
सौ. बोलत नाही. बोलली ती एकदाच: "तो नारळ तुमचो होतो?"
दुपारी देवस्थान कमिटीच्या अध्यक्षांचा फोन. गाव म्हणजे काय, कालचं सगळं पोचलेलं. मला वाटलं आता खरडपट्टी. तर म्हणे, "औंदा जत्रेक गाऱ्हाणा तुमीच घाला. घाडीकाकांचा आता काय खरा नाय."
नाही म्हणालो नाही. "बघू" म्हणालो. फाईल नाकारायची नाही, नुसती टेबलावर ठेवून द्यायची. जित्याची खोड.
त्यात थोडा आनंदही झाला. हे इथे लिहिलं नाही तर ही वही ठेवायचा उपयोग काय.

१३ नोव्हें., गुरु.
तीन दिवस उद्या-उद्या करून आज काकांकडे गेलो. पडवीत सुपाऱ्या सोलत होते. बस म्हणाले नाहीत. मी बसलो.
"काका, माझा चुकला. सायबांका घाई होती…"
हातातली सुपारी सोलून टोपलीत टाकली. मग एकेक शब्द ओढून काढल्यासारखे: "घाई सायबाक होती. दे… देवाक नाय होती."
मी उठलो.
निघताना म्हणाले, "एक नाव गाळलंस." धक्क्यावरचा राखणदार. गाव राखणाऱ्या देवांपैकी एक आमच्या होडीच्या धक्क्यावरही आहे हेच मला ठाऊक नव्हतं. वय वर्षं अठ्ठावन्न.

१६ नोव्हें., रवि.
सकाळी काका काठी टेकत दारात. "चल."
वेशीवरचा राखणदार, म्हणजे एक दगड. मग व्हाळावरचा, ओढ्याच्या पाण्यात अर्धा बुडालेला. मग सड्यावरचा, चढताना धाप मला लागली, त्यांना नाही. प्रत्येक ठिकाणी चपला काढून थांबायचं. उतरून जुन्या धक्क्यावर. पूल झाल्यापासून इकडे कोणी फिरकत नाही. सुरंगीच्या झाडाच्या मुळात काळा दगड. काकांनी विडी पेटवली, दगडासमोर ठेवली.
"पूल झालो, होडी गेली. ह्यो हयसरच आसा."
पुढे मळ्यातला शेवटचा राखणदार, आणि परत देऊळ. तेव्हा डोक्यात उजेड पडला. गाऱ्हाण्यात नावं ज्या क्रमाने येतात, तीच ही वाट. साहेबांना गाव दाखवायला निघालो होतो मी!
वाटेत विचारलं, "काका, राग गेलो मां?"
"नाय." मग दम घेऊन, "झील गोव्यात. तो काय येवचो नाय. कोणाकतरी ठावक होया, म्हणान दाखयलंय."
माफी नाही. मुलगा येणार नाही, दुसरं माणूस नाही म्हणून मी.

२२ नोव्हें., शनि.
अध्यक्षांना फोन केला. गाऱ्हाणं काकाच घालतील.
"आणि अडखळले तर?"
"अडखळांदेत."
फोन ठेवला. सौ. ने चहा आणून ठेवला.

२७ नोव्हें., गुरु. जत्रा.
सकाळी देऊळ भरलेलं. मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून. काही झालं तरी तोंड उघडायचं नाही, ठरवून गेलेलो. काका पुढे, हातात नारळ. वेळ लागत होता पण येत होतं. वेशीवरचा. होय म्हाराजा. व्हाळावरचा. होय म्हाराजा. सड्यावरचा.
मग थांबले.
नुसते ओठ हलत होते. एकेक मान माझ्याकडे वळली. धक्क्यावरच्याचं नाव माझ्या ओठांवर होतं. काकांनीही वळून माझ्याकडे बघितलं. सांग म्हणून, की खबरदार म्हणून, मला कळलं नाही. मी खाली बघितलं.
काका मळ्यातल्या राखणदारावर गेले. लोक म्हणाले, होय म्हाराजा. मीही म्हणालो.
प्रसादाचं खोबरं माझ्या हातावर ठेवताना म्हणाले, "तुका ठावक होता." हे बोलताना अडखळले नाहीत.
तेव्हा बोललो तेही चुकलं, आज गप्प बसलो तेही. की आजचं बरोबर होतं? काकांना विचारायचं धाडस नाही. दोन्ही वेळा राहिला तो धक्क्यावरचाच, आणि दोन्ही वेळा माझ्यामुळे.
दुपारी एकटाच धक्क्यावर गेलो. विडी पेटवून ठेवली. त्याचं नाव घेतलं, चांगलं मोठ्याने. मागे "होय म्हाराजा" म्हणायला कोणी नव्हतं.