दातांची डॉक्टर आणि आपली आई

अँटिग्वा, मंगळवार

आदरणीय फेर्मिनदादा यांस धाकट्या ओतिलियाचा नमस्कार. (वाकून नाही. सध्या मला वाकता येत नाही, कारण पुढे येईलच.) तिकडे लॉस एंजेलिसला तू, वहिनी आणि मुलं खुशाल असाल. आजारी पडलं की माणूस घरी कळवतो अशी आपली माझी समजूत, आणि तुझं सात वर्षांत काहीच कळलेलं नाही, तेव्हा प्रकृती ठणठणीत असणार. हे पत्र चोनाबाईंच्या जावयाबरोबर पाठवतेय, कारण तुझा फोन लागत नाही. (लागतो. तू उचलत नाहीस.) आम्हीही मजेत आहोत. मी अजून त्याच शाळेत परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवते, आई अजून वर सांता रोसेलियाला ज्वालामुखीच्या पायथ्याशी ठाण मांडून बसली आहे, आणि सरकारने अख्ख्या गावाला महिनाअखेरपर्यंत घरं रिकामी करायला सांगितलंय. सगळे उतरले. आपली आई तेवढी उतरत नाही. मी रडून सांगितलं, भांडून सांगितलं, पाद्रीबाबांना पाठवून सांगितलं. पाद्रीबाबा पोटभर जेवून परत आले.

आता माझ्या कंबरेची हकीकत. या महिन्यात माझ्या नशिबी बिर्गित नावाची बाई आली आहे. डेन्मार्कची, वय सहासष्ट, उंची दाराच्या चौकटीएवढी, पेशाने दातांची डॉक्टर, आता निवृत्त. आमच्या धंद्याची रीत तुला माहीतच आहे, एक मास्तरीण, एक विद्यार्थी, मध्ये वीतभर टेबल, आणि रोज चार तास समोरासमोर. (नवऱ्यासमोर मी सलग चार तास कधी बसले नाही, म्हणून तो संसार टिकला.) दुसऱ्या आठवड्यात बाईंना टेबलाचा कंटाळा आला. त्यांच्या देशात म्हणे डोंगरच नाहीत, त्यामुळे वाळूचा ढीग दिसला तरी त्या फोटो काढतात. ज्वालामुखीकडची गावं बघायची, वाटेत स्पॅनिश बोलायचं, असा हट्ट. शाळेचे मालक आबुंदिओसाहेब यांनी त्याला लगेच नाव दिलं, चालता-बोलता वर्ग. मी म्हटलं, साहेब, माझे गुडघे. तर म्हणतात, "अहो ओतिलियाबाई, तुम्ही तर तिथल्याच!" तिथली आहे म्हणूनच बावन्न वर्षांत एकदाही तो डोंगर पायी चढले नाही, आईकडे जाते ती बसने, हे त्यांना कोण सांगणार?

गेलो. पायात तू एकदा पाठवलेले बूट, एक नंबर लहान. (बहिणीच्या पायाचं माप विसरलास, चालायचंच. बहीणही विसरलास.) बाई शेळीसारख्या पुढे, मी मागे धापा टाकत. दर दोन पावलांवर प्रश्न, याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. माझ्यात श्वास उरला होता एका शब्दापुरता, तेव्हा मी सगळ्यालाच दगड म्हटलं. एवढ्यात डोंगर गुरगुरला. बाईंनी कुठल्याशा पुस्तिकेत वाचलं होतं, त्याप्रमाणे त्या डोक्यावर पिशवी घेऊन सपशेल जमिनीवर पालथ्या! मी धूर बघितला, पांढरा होता, म्हटलं, उठा बाई, पोट गुडगुडतंय त्याचं. लाकडाची मोळी घेऊन एक म्हातारा उतरत होता, तो थांबून मला विचारतो, "पाहुणीचं काही हरवलंय का?" मला हसू आवरेना, आणि त्या हसण्यातच भुसभुशीत खडीवरून पाय सटकला. दहा हात खाली आले, बसूनच. जवळचं घर आईचंच होतं.

आईने माझं स्वागत केलं ते असं. "तुला चालताही येत नाही, शिकवतेस काय?" मला पालथं खाटेवर टाकलं आणि पाहुणीसाठी कोंबडी कापली. तीच काळी कोंबडी, जी ईस्टरला तुला करीन, ईस्टरला तुला करीन म्हणून मला दोन वर्षं झुलवलं होतं! मक्याच्या गरम भाकऱ्या, काळ्या घेवड्याची उसळ, सगळं बाईंच्या पुढ्यात. मग बाईंनी आईची दाढ बघितली. दादा, मी दवाखान्याचं नाव काढलं की संडासात जाऊन आतून कडी लावणारी आपली आई, तिने त्या परकीपुढे कोकरासारखा आ केला. दाढेला लवंग सुचवून बाई आईच्या लाडक्या झाल्या. मागच्या शनिवारी एकट्याच वर गेल्या आणि दोन दिवस राहिल्या. मी तीस वर्षं मका वाहतेय, छपरावरची राख झाडतेय. माझ्याशी आई तीनच वाक्यं बोलते. जेवलीस का. दार लाव. ओरडू नकोस.

सोमवारी वर्गाची सुरुवात नेहमीसारखी, शनिवार-रविवारी काय केलंत ते सांगा. विद्यार्थ्याने सांगायचं, मी लाल पेन्सिलीने चुका टिपायच्या. पंचवीस वर्षांची सवय, कान चुकांकडे, अर्थाकडे लक्षच नाही. बाई अडखळत सांगत होत्या, "तुमची आई खाली येत नाही, कारण मुलगा परत आला तर त्याला घर सापडणार नाही. त्याला हे एकच घर माहीत आहे." मी दोन चुका काढल्या. पुन्हा म्हणायला लावलं. चौथ्यांदा वाक्य अगदी बिनचूक आलं, मी शाबास म्हटलं, आणि मग माझ्या डोक्यात शिरलं की ही काय बोलतेय.

बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस. कागदपत्रं नव्हती, आला असतास तर परत जाता आलं नसतं, हे मी जाणते आणि आईलाही तेव्हाच सांगितलं होतं. तरी ती चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांत बोलून गेली की त्याला माझं दार बंद. ते कुणीतरी तुझ्या कानावर घातलं, तू रुसलास. सात वर्षं तुम्ही दोघं एकमेकांवर रुसून बसलात, आणि मधल्या मध्ये मी खालीवर करतेय. आता तुझ्यासाठी ती त्या डोंगराखाली मरायला तयार आहे. मला फार राग येतो, दादा. तुझा येतो, तिचा येतो, आणि या गोष्टीचा सगळ्यात जास्त येतो की तिने हे मला सांगितलं नाही. रोज समोर दिसणारीला कशाला सांगायचं?

असो. हे पत्र स्वयंपाकघरात उभ्याने लिहितेय, बसता येत नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुला काही त्रास द्यायचा म्हणून लिहिलेलं नाही, सहज ख्यालीखुशाली.

तुझी,
ओतिलिया

ता. क. थोडा त्रास आहे. काल वर्ग सुटल्यावर मी तशीच बसने वर गेले आणि आईला सांगितलं की दादाचा फोन आला होता. तिने मला बस म्हटलं. (बसले. दुखलं.) आवाज कसा होता विचारलं. मी म्हटलं, जाड झालाय. ती कितीतरी वेळ हसत होती. मग म्हणाली, "त्याने स्वतः सांगितलं तर उतरते." तेव्हा येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, प्रार्थनेनंतर दहा वाजता, तिच्या मोबाईलवर तुझा फोन येणार आहे, असं मी कबूल करून बसले आहे. येतो म्हणू नकोस. नुसतं म्हण, "आई, ओतिलियाचं घर मला माहीत आहे, तू तिकडे जा." एवढंच.

ता. क. पुन्हा. फोन आला नाही, तर अकरा वाजता मी तिला सांगणार आहे की तू वारलास. मग वाट बघायला कारण राहणार नाही, आणि नऊ दिवसांची प्रार्थना ओसाड गावात होत नाही, माझ्याच घरी ठेवावी लागेल, त्यासाठी तरी ती उतरेल. प्रार्थनेला पुढे फोटो लागतो. तुझा अलीकडचा आमच्याकडे नाही. फोन करणार नसशील, तर तेवढा एक बरासा काढून चोनाबाईंच्या जावयाबरोबर परत पाठवून दे.